सरळ रेषा कराचीवरून जाते

पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा, एवढं साहित्य पुरतं. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरायचं, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. भूगोलाच्या तासाला हा प्रयोग मी मुलांकडून करून घेत असे. त्याआधी भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायला सांगायचं. ती रेघ इराणचा दक्षिण किनारा, इराक, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे झुकतो. मुंबई सोडली की समुद्रावरून थेट कराची, मग बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनची दक्षिण बाजू, कार्पेथियन डोंगर, जर्मनी आणि लंडन. मुलं दोऱ्याखालची नावं मोठ्यानं वाचत. कराची आली की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास ओरडे, “सर, पाकिस्तानातून कशाला जायचं?”

प्रश्न वात्रटपणाचा होता, पण विमान कंपन्यांच्या नियोजन खात्यात आज रोज नेमका तोच प्रश्न असतो.

दोऱ्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. सातवी-आठवीच्या गणितानं आठ तास झाले. तिकिटावर मात्र जाण्याचे साडेनऊ-दहा तास लिहिलेले असतात आणि येण्याचे त्याहून कमी. मुलगी लंडनला नोकरीला लागली आणि नवीन पनवेलच्या आमच्या घरात हे तास पाठ झाले. पण वरचे दोन तास जातात कुठे, हे मला हिशोब मांडल्याशिवाय सोडवेना. मास्तरकी संपली तरी सवय जात नाही.

थोडा वेळ जमिनीवरच जातो. तिकिटावरचा वेळ विमानाच्या उड्डाणाचा नसतोच. विमान उभ्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथून तो सुरू होतो आणि तिकडे चाकांना ओठंगण लागलं की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, हीथ्रोवर उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून विमान कधीकधी “वीस मिनिटं आधी” पोचतं आणि प्रवासी खूश होतात.

दुसरा वाटा वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. हिवाळ्यात हा प्रवाह उत्तर भारतावर असतो आणि ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्याची नेहमीची चाल. उन्हाळा सरता सरता तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि आपल्याकडे पाऊस येण्याशी या सरकण्याचा जवळचा संबंध आहे. मृग लागला की नाही हे पाहणाऱ्या पनवेलच्या भातशेतकऱ्याचा आणि लंडनच्या विमानाचा वारा असा एकमेकांत गुंतलेला आहे. जाताना हा वारा नाकावर येतो, येताना पाठीवर. अंतर तेच, पण लेक माहेरी येते ती लवकर आणि जाते ती सावकाश. आमच्या घरातल्या मंडळींना यात काहीतरी दैवी योजना दिसते. मी वाद घालत नाही.

वेग हा तिसरा वाटा असेल असं कोणालाही वाटेल. तसं नाही. एअर इंडियाकडे १९६० साली पहिलं बोइंग ७०७ आलं, तेव्हापासून प्रवासी जेटचा वेग जवळपास तिथंच आहे. त्या जुन्या विमानाला वाटेत तेलासाठी उतरावं लागे, आता लागत नाही. पडदे मोठे झाले, इंजिनं कमी तेल खाऊ लागली. पण माझ्या लहानपणी आकाशात जी पांढरी रेघ उमटायची, ती आजही त्याच गतीनं पुढे सरकते. मधल्या काळात कॉन्कॉर्ड आलं, १९७६ ते २००३ एवढं राहिलं आणि परवडेना म्हणून गेलं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांत लंडन जवळ आलं ते विमानतळावरचे थांबे गळल्यामुळे. मग उरलेला वेळ कुठे वाढला, हे पाहायला परत दोऱ्याकडे यावं लागतं.

कराची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक छोटं पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला तेल भरायला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. बरोबर प्रवासी नव्हते, टपाल होतं. हे टपाल लंडनहून आलेलं होतं. इंपीरियल एअरवेजची विमानं १९२९ पासून लंडनची डाक कराचीपर्यंत आणून देत, पुढे ती रेल्वेनं जाई. टाटांनी हा पुढचा तुकडा जोडला. भारतीय विमानवाहतुकीची सुरुवात म्हणून आपण ज्या उड्डाणाचा दरवर्षी उल्लेख करतो, ते माझ्या दोऱ्याचंच शेवटचं टोक होतं: लंडन–कराची–मुंबई. आणि त्या दिवशी कराची परदेशात नव्हती एवढंच नाही, ती मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला १९३६ मध्ये. टाटा एका इलाख्यातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात आले, आपण आज नागपूरहून मुंबईला येतो तसे. हवाई अंतर धरलं तर मुंबईहून दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे.

शिक्षक माणूस म्हणून मला त्या शहरातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कराचीत ‘एन. जे. व्ही.’ नावाची एक जुनी, नामांकित सरकारी शाळा आहे. या अक्षरांचा अर्थ नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेला हा मराठी माणूस. फाळणी झाली, रस्त्यांची आणि चौकांची नावं बदलली, शाळेवरचं वैद्यांचं नाव राहिलं. माझी मुलगी लंडनला जाते तेव्हा सरळ रेषेत गेली तर या शाळेच्या माथ्यावरूनच जाईल. पण भारतीय कंपनीच्या विमानात बसली तर जाणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि काही दिवसांत भारतानंही त्यांच्या विमानांना आपलं. याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर असंच साडेचार महिन्यांच्या वर चाललं होतं.

गंमत अशी, की बंदी आकाशाला नाही, शेपटीवरच्या चिन्हाला आहे. ब्रिटिश कंपनीचं विमान मुंबईहून निघून कराचीवरून जाऊ शकतं. त्याच दिवशी, त्याच धावपट्टीवरून निघालेलं भारतीय विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळतं आणि आखाताच्या बाजूनं वर चढतं. दोन शहरं तीच, तरी या दोन शहरांमधलं अंतर किती याला दोन उत्तरं आहेत आणि तुम्ही कोणाचं तिकीट काढलंय त्यावर उत्तर ठरतं. परीक्षेत मी हा प्रश्न घातला असता तर पालक मुख्याध्यापकांकडे गेले असते.

आणि समजा कराचीची वाट उघडली, तरी दोरा पुढे क्रिमियावरून जातो. तिथलं आणि सगळ्या युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. मधला इराण कधी उघडा, कधी बंद. १३ जून २०२५ रोजी इस्रायल-इराण संघर्ष पेटला आणि इराणनं आकाश मिटलं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान साधारण तीन तास उडून पुन्हा मुंबईलाच उतरलं. तीन तासांत काटलेलं अंतर किती? इंजिनाला विचारलं तर काही हजार किलोमीटर. आतल्या प्रवाशाला विचारलं तर शून्य.

हे सगळं मी शांतपणे लिहितो आहे, पण लेकीचं विमान आकाशात असतं त्या दिवशी आमच्या घरात शांतता नसते. तिची आई फोनवर नकाशा उघडून बसते. नकाशावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात, त्यातलं आपलं कुठलं हे ती बरोबर शोधते. कधी शाळेत भूगोल तिचा नावडता विषय होता. आता तिला मस्कत कुठे, बसरा कुठे, अंकारा कुठे, विमान कॉन्स्टँटा ओलांडून गेलं की किती तास उरले, सगळं ठाऊक आहे. “आज खालून चाललंय,” ती म्हणते. खालून म्हणजे नेहमीपेक्षा दक्षिणेकडून. का खालून, हे तिला माझ्याआधी कळतं, कारण मी बातम्या सकाळी वाचतो आणि ती नकाशा रात्रीच वाचते. चाळीस वर्षं शिकवून जे मला मुलांत उतरवता आलं नाही, ते एका पोरीच्या तिकिटानं तिच्या आईत उतरलं.

हे विमान बोटीच्या जागी आलं, हे आपण विसरतो. ४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीनं मुंबईहून निघाले आणि १८ तारखेला लंडनला पोचले. सुएझ कालव्याच्या आधी हाच प्रवास महिनोन्‌महिने चाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करत निघालं आणि १० जूनला लंडनला उतरलं. चौदा दिवसांचे दोन झाले, दोनाचे दहा तास. या उतरत्या आकड्यांच्या कौतुकात शिरढोणचा एक माणूस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

शिरढोण आमच्या पनवेलपासून अगदी जवळ. मुंबई-गोवा महामार्गानं कर्नाळ्याकडे निघालं की वाटेत लागतं. तिथं वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा आहे. जन्म १८४५ चा. इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड केलं, पकडले गेले, जन्मठेप झाली आणि एडनच्या तुरुंगात धाडले गेले. एडनसुद्धा त्या काळी मुंबई सरकारच्याच कारभारात. शिरढोण ते एडन तीन हजार किलोमीटर, आजच्या विमानाला चार तासही भरपूर झाले. तिथून फडके कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले. किती लांब जाणार होते? पुढे वाळवंट आणि मागे समुद्र. पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच वारले. आमच्या भागातून जगात सर्वांत लांब गेलेला पहिला माणूस कोण असं विचारलं तर मी त्यांचं नाव सांगेन, आणि त्यांना परतीचं तिकीट नव्हतं.

पनवेल हे मुळात वाटेवरचं गाव. आज नवीन पनवेलच्या माणसाला स्टेशन म्हणजे हार्बर लोकल आणि कोकणच्या गाड्या आठवतात, पण रेल्वे येण्याआधी मुंबई-पुण्याची वाट इथूनच होती. मुंबईहून पडाव खाडीनं पनवेल बंदराला लागत. उतारू मग पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्यानं खोपोली आणि बोरघाट चढून पुढे जात. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये उघडला. त्या काळी मुंबई ते पुणे किती तास, या प्रश्नाला कोणी एक आकडा सांगत नसे. आधी भरती कधी आहे ते पाहत. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडे आणि पडाव रुते, मग पाणी चढेपर्यंत थांबायचं. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे झाली, ती कर्जतवरून. पनवेलचं बंदर हळूहळू ओस पडलं. आमच्या आजच्या वाटाही तशाच आहेत, फक्त पाण्याऐवजी परवानगीची भरती-ओहोटी बघायची.

आता खरी लांब वाट. नवीन पनवेल ते सहारचा विमानतळ चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. लंडनच्या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा हाच, आणि तिकिटावर तो छापलेला नसतो. कळंबोली सर्कल, खारघर, बेलापूर, वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर, मग कुर्ल्यावरून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. रविवारी पहाटे तासाभरात होतं. शुक्रवारी संध्याकाळी, त्यात पाऊस असला, तर अडीच तासही लागतात. म्हणून आम्ही पाच-साडेपाच तास आधी घर सोडतो. म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या प्रवासाला निघालेला माणूस आधी ताशी वीस किलोमीटरनं ट्रकच्या मागे सरकत असतो, मांडीवर भाजणीची पिशवी, कारण ती बॅगेत टाकली की वजन तेवीस किलोच्या वर जातं. मग रांगा, मग दहा तास, मग हीथ्रोवरची पासपोर्टची रांग आणि मेट्रो. दारापासून दारापर्यंत धरलं तर विमान हा या प्रवासाचा जेमतेम अर्धा भाग. उरलेला अर्धा कोणी मोजत नाही.

हा पहिला टप्पा आता गळणार आहे. आमच्या घरापासून दहा किलोमीटरच्या आतबाहेर, उलव्याला, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली. नाताळच्या त्या सकाळी सोसायटीतली निम्मी माणसं गच्चीत होती. पहिलं विमान बेंगळूरुहून आलं. कोणाला दिसलं, कोणाला नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टर्मिनल कमळाच्या आकाराचं आहे, आराखडा झाहा हदीद यांच्या संस्थेचा. ३,७०० मीटरची धावपट्टी. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी जाऊ शकतील एवढी सोय.

आधी तिथं उलव्याचा डोंगर होता. तो सुरुंगांनी फोडला. उलवे नदी वळवली. खाजणात भराव घातला. सुरुवातीच्या काळात टाटांच्या विमानांनाही जुहूच्या अशाच चिखलपट्टीनं त्रास दिला होता. पावसाळ्यात तिथं पाणी साचे म्हणून डाकसेवा पुण्याला न्यावी लागे. इथं चिखलच हटवला. आणि दहा गावं उठवली: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचं ओवळं, वाघिवलीवाडा, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे. ही नावं मी मुद्दाम सगळी लिहिली. विमानतळाच्या फलकावर ती नाहीत.

आमच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी एक आगरी मावशी यांतल्याच एका गावची. आता करंजाड्याला राहते. घर पक्कं, दोन मजली, पूर्वीपेक्षा मोठं, हे ती स्वतःच सांगते. गावापासून नवं घर फार तर चार-पाच किलोमीटर. तिला मी एकदा लंडनचे दहा तास सांगितले. “इतका येल बसून पाय नाय दुखत, मास्तर?” तिनं विचारलं आणि कोलंबी निवडत राहिली. मग म्हणाली, बाप भरतीवर होडीनं मीठ घेऊन पनवेल बंदराला यायचा, तिलाही आणायचा. आता घराच्या खिडकीतून तिला विमानतळाचे दिवे दिसतात. गावची शेजारीण दुसऱ्या वसाहतीत गेली, सणाला रिक्षानं भेटायला येते.

माझी लेक ७,२०० किलोमीटर लांब आहे आणि दिवाळीला येते. मावशीचं गाव चार-पाच किलोमीटरवर आहे आणि तिथं कोणालाच जाता येत नाही, ती जागा आता कुंपणाच्या आत आहे. या दोहोंतलं लांब कोणतं, हे मी तिला विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

या जमिनींचा हिशोब जुना आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांनी जासई परिसरातल्या शेतकऱ्यांना घेऊन लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून इथल्या लोकांनी साखळ्या केल्या, मोर्चे काढले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळानं तसा ठराव केला. ज्यांच्या शेतावर धावपट्टी आली त्यांनी पैशाइतकाच नावाचा आग्रह धरला, हे मला फार रास्त वाटतं. उद्या लंडनहून निघालेला वैमानिक उतरण्याआधी जे नाव उच्चारेल ते इथल्या माणसाचं असावं.

तो उद्या कधी येईल ते येईल. मी हे लिहितो आहे तोवर तरी लंडनचं विमान सहारहूनच सुटतं. तेव्हा नवीन पनवेलच्या वाचकांना एवढंच सांगणं: मुलाबाळांना सोडायला जाणार असाल तर तिकिटावरच्या तासांवर जाऊ नका, साडेपाच तास आधी निघा, शुक्रवार असेल तर सहा. आणि निघण्याआधी कळंबोली सर्कलची अवस्था एकदा बघून घ्या.